नेसायचं की द्यायचं?

जीन्स घ्यायची म्हटलं की आपल्यातला प्रत्येक जण एक्स्पर्ट होतो. कंबर 32 की 34, स्लिम की रेग्युलर, बसल्यावर मागून वर तर जात नाही ना, दोन धुण्यांनंतर रंग कसा राहील... ट्रायल रूममध्ये उठाबशा काढून झाल्याशिवाय कार्ड बाहेर निघत नाही. आणि हाच माणूस लग्नसराईत धोतर घ्यायला गेला की काय करतो? 'भाऊ, एक चांगलंसं पांढरं दाखवा.' पिशवीवरच्या मॉडेलचा फोटो बघतो, काठ कोणत्या रंगाचा तेवढं विचारतो आणि बाहेर. पाच मिनिटांत खेळ खल्लास!

धोतराला कुठे साइज असते, असा आपला एक ठाम समज आहे. शिवलेलंच नाही तर फिटिंग कसलं? एक लांबच लांब कापड, कमरेला गुंडाळायचं आणि मोकळं व्हायचं. हा समज ज्याने आयुष्यात कधी धोतर नेसलेलं नाही त्याचा असतो. म्हणजे तुमचा, माझा आणि ऑफिसमधल्या ट्रॅडिशनल डेच्या अख्ख्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा!

आपण धोतर खरेदी करतो ते दोन कारणांसाठी. एक, स्वतःसाठी: लग्न, मुंज, गणपती किंवा तो ट्रॅडिशनल डे. दुसरं, दुसऱ्यासाठी: आहेर. पहिल्यात गडबड झाली तर फोटो बिघडतात, बास. दुसऱ्यात गडबड झाली तर काय होतं, ते मला गेल्या वर्षी धर्मापुरीला कळलं.

धर्मापुरी म्हणजे आमचं गाव, बीड जिल्ह्यातलं. परळी-अंबाजोगाईच्या टापूत. चालुक्य काळातलं केदारेश्वराचं मंदिर आणि गावचा किल्ला बघायला इतिहासवेडी मंडळी येतात. आमच्याकडे लग्नात मानपान जोरदार. कुणाला टॉवेल-टोपी, कुणाला फेटा आणि ज्याचा मान मोठा त्याला धोतरासकट पूर्ण पोशाख. माझे चुलत आजोबा, म्हणजे आमचे आबा, हे मानाचे पाहुणे. त्यामुळे त्यांच्या पेटीत कोऱ्या धोतरांची चळत. नऊ पानं. (एका धोतराला 'पान' म्हणतात आणि न कापलेली दोन पानं म्हणजे जोडी.) दिवाळीची आवराआवर चालली होती, तेव्हा आबांनी पेटी ओसरीत मांडली आणि एकेक पान उघडायला घेतलं.

काठाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आधी कापडाचा कोपरा दोन तळव्यांत धरून चोळला. मग पान दाराच्या उजेडापुढे धरलं. मग हाताने मोजलं, म्हणजे अक्षरशः हाताने, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. शेवटी उभे राहिले, एक काठ कमरेला लावला आणि दुसरा खाली सोडला. तो कुठे पोचतो ते बघितलं आणि पान बाजूला ठेवलं. अर्ध्या तासात तीन ढीग झाले.

"हे नेसायचं, हे द्यायचं, अन् हे पुसायचं."

पुसायच्या ढिगात दोन, नेसायच्या ढिगात दोन. आणि द्यायच्या ढिगात पाच.

"द्यायचं म्हणजे कुणाला, आबा?"

"आलं तसं जायचं. कुणाच्या तरी लग्नात."

"मग ते लोक नेसतील?"

"ते बी पुढं देतील की, माय."

"मग हे धोतर नेसतं कोण?"

"कुणीच नाय. ते नुस्तं फिरतं."

मी हसले. आबाही हसले. पण मग लक्षात आलं, की तारेवर वाळत होतं ते आबांचं जुनं धोतर आणि अंगावर होतं तेही जुनंच, घडीवर रफू केलेलं. आबा सहा फुटांच्या आसपास. पेटीतली बहुतेक कोरी पानं त्यांच्या पोटरीवरच संपत होती. हे देणाऱ्यांना सांगत का नाही, असं विचारलं तर म्हणाले, "मानानं बोलवून पोशाख केला त्यानं. त्याला कसं म्हणावं, आखूड हाये म्हणून?"

हे बोलणं डोक्यातून जात नाही. आपण यादीत नाव लिहितो, नावापुढे 'धोतर' लिहितो, टिक करतो. मान दिला, विषय संपला. आणि तो माणूस पेटीभर मान घेऊन जुनंच धोतर धुऊन नेसतो. म्हणून आज हा कॉलम धोतर पारखायचं कसं यावर. आबांच्या त्या अर्ध्या तासात आख्खा कोर्स होता, फक्त तो जरा आपल्या भाषेत सांगते.

उंचीला पन्हा, घेराला लांबी

धोतराला दोनच मापं. लांबी आणि पन्हा, म्हणजे रुंदी. दुकानात विचारली जाते लांबी, आणि फसवतो तो पन्हा. कारण नेसल्यावर पन्हा उभा येतो. कमरेपासून घोट्यापर्यंतचं अंतर पन्ह्यानं भरून काढायचं असतं, लांबीनं नाही. लांबी जाते कमरेच्या वेढ्याला, दोन्ही टांगांना आणि निऱ्यांना. म्हणजे फंडा एकदम सोपा: माणूस उंच असेल तर पन्हा मोठा हवा, अंगानं भरलेला असेल तर लांबी जास्त हवी. उंच, सडपातळ माणसाला नुसतं लांब धोतर दिलं, तर निऱ्या भरपूर येतील आणि धोतर तरीही आखूडच राहील.

आता आकडे. टेप घ्या, कमरेपासून घोट्यापर्यंत मोजा. समजा 40 इंच आलं. त्यात वर खोचायला 5 इंच धरा. झाले 45. आता सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. समजा 4 टक्के आटलं, तर 48 इंचांचा पन्हा 46 वर येईल, म्हणजे बरोबर बसेल. 44 इंचांचा पन्हा 42 वर येईल, आणि धोतर घोट्याच्या तीन इंच वर लटकेल. दुकानात उभं राहून धोतर कमरेला लावलं आणि काठ नेमका घोट्याला टेकला, की आपण खूश होतो. खरं तर तेच धोतर आखूड होणार असतं. कोऱ्या कापडात खोचायची आणि आटायची अशी दोन्ही जागा शिल्लक हवी.

लांबीचं गणित जुन्या मोजणीत छान बसतं. एक हात म्हणजे 18 इंच, दोन हातांचा एक वार. 5 वारी धोतर म्हणजे 10 हात, आपल्या मीटरमध्ये 4.57. साडेचार वारी म्हणजे 4.11 मीटर. पाकिटावर '5 वार' छापलेलं असलं तरी उघडून मोजाच. आबांनी नऊच्या नऊ पानं मोजली होती, छापलेल्या आकड्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. आणि तिथल्या तिथे 4 टक्के वजा करून बघा. 4.11 मीटरमधून 16 सेंटिमीटर गेले की बारीक माणसाला फरक पडणार नाही. पोट सुटलेल्या नवरदेवाचा मात्र कासोटा ओढला की पुढच्या निऱ्या दोनच उरतील!

धोतर कुठे नेसलं जाणार, हेही माप ठरवताना बघायचं. शेतात जाणारा माणूस ते गुडघ्यापर्यंत वर घेतो, देवळात जाताना खाली सोडतो. त्याला पायात येणारं ऐसपैस धोतर नको असतं. मिरवायचं असेल तर पायावर निऱ्या नीट पडायला हव्यात आणि सोगा हातात धरता यायला हवा. एकच पान दोन्ही कामांना चालेलच असं नाही.

पावडर लावलेलं कापड

आता क्वालिटी. कोरं धोतर हातात घेतलं की कडक, करकरीत लागतं आणि आपण म्हणतो, वा, काय भरदार आहे! थांबा. हा कडकपणा बहुतेक वेळा खळीचा असतो. विणताना ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ देतात आणि नंतर कापड घडीला उभं दिसावं म्हणून पुन्हा देतात. विरळ विणीचं कापड जाड भासवायला खळीसारखी स्वस्त युक्ती नाही. म्हणून आबांचा पहिला टेस्ट: कोपरा दोन तळव्यांत जोरात चोळा. पांढरी भुकटी पडली आणि कापड एकदम मऊ, लुळं झालं, तर तुम्ही कापडाचे कमी आणि खळीचे जास्त पैसे देताय.

दुसरा टेस्ट उजेडाचा. धोतर उजेडापुढे धरा. बारीक सुताचं धोतर पारदर्शक असणारच, तो काही दोष नाही. बघायचं ते हे, की वीण सगळीकडे सारखी आहे का. मध्येच विरळ पट्टे, तुटलेले धागे, गाठी, काठाजवळ दाट आणि मध्यभागी जाळी असं काही दिसलं, तर दुसरं पान मागा. मग नखाने ताणाबाणा हळूच सरकवून बघा. धागे बाजूला झाले आणि तसेच राहिले, तर कासोट्याच्या ताणाखाली तिथेच फाटणार हे नक्की.

दुकानदार 'शंभर काउंट' म्हणाला तर मान डोलवण्याआधी त्याचा अर्थ माहीत असू द्या. 840 वारांची एक लड, अशा जितक्या लडी मिळून एक पौंड वजन भरतं तो सुताचा काउंट. म्हणजे 80 काउंटच्या सुताच्या 80 लडी एका पौंडात. आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक. बारीक सूत दिसायला देखणं, अंगाला हलकं, उन्हाळ्यात स्वर्ग. पण रोज आपटून धुवायच्या धोतराला थोडं जाड सूतच टिकतं. त्यामुळे 'सगळ्यात महागातलं द्या' हा रोज धोतर नेसणाऱ्या माणसासाठी चांगला आहेर असेलच असं नाही. शंभर काउंटचं धोतर शेतातल्या बाभळीला काय टक्कर देणार?

धोतर सुतीच आहे का, ही शंका असेल तर कडेचा एक धागा ओढून (अर्थात विकत घेतल्यावर आणि घरी!) काडीने पेटवा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. टेरिकॉटचं धोतर वाईट असं नाही, चुरगळत नाही, लवकर वाळतं. पण बीडच्या मे महिन्यात ते दिवसभर कमरेला गुंडाळून बघा, मग बोलू.

काठ आटतो तेव्हा

शहरात आपण धोतर काठावरून निवडतो आणि दगा बहुतेकदा काठच देतो. काठाचं सूत वेगळं, जाड किंवा रेशमी, त्याचं आटणंही वेगळं. अंगाचं कापड कमी आटलं आणि काठ जास्त आटला, की धुतल्यावर काठ चुण्या घेतो आणि धोतर पायाशी झालरीसारखं दिसतं. दुकानात हे कळत नाही, पण रंग जातो का हे कळू शकतं. पांढरा रुमाल ओला करून काठावर घासा. रुमालाला रंग लागला तर पहिल्याच धुण्यात पांढरं धोतर गुलाबी. म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी धोतर घेऊ नका. आठ दिवस आधी घ्या, एकदा साध्या पाण्यात धुऊन वाळवा आणि मग नेसून बघा. जे आटायचं ते घरी आटू दे, मांडवात नको.

धोतराच्या काठाला शिवण नसते, खाली दुमडही नसते. मागावर जो काठ निघाला तोच शेवट. या बाबतीत आपलं धोतर आणि स्कॉटलंडचा किल्ट एकदम सख्खे भाऊ. पारंपरिक किल्टच्या कापडाची खालची कड मागावरच पक्की करून घेतात, म्हणजे दुमड घालावी लागत नाही आणि निऱ्या जड होत नाहीत. त्यालाही कापड भरपूर लागतं, साधारण 8 वार. पुढचा भाग सपाट, मागे निऱ्या. तिथे नवा किल्ट आला की लोक आधी बघतात तो गुडघ्याच्या मध्यावर थांबतो का, निऱ्या सरळ पडतात का आणि चौकडी एका निरीवरून दुसरीवर नीट जुळते का. एक इंच वरखाली झालं तरी चर्चा! आणि आपण? आपल्याकडे हजार वर्षांपूर्वीच्या मूर्तींवरसुद्धा गुंडाळून नेसलेल्या वस्त्राच्या चुण्या आणि काठ कोरलेले असतात, आणि आपण म्हणतो, धोतराला कुठे फिटिंग असतं!

रबरवालं धोतर

आता तुमच्यातले अर्धे म्हणतील, आम्ही रेडिमेड घेतो, शिवलेलं, कमरेला रबर किंवा वेल्क्रो. घ्या की. नेसता न येणं हा काही गुन्हा नाही. पण मग त्याला जीन्ससारखंच वागवा. ट्रायल घ्या, आणि आरशासमोर नुसते उभे राहू नका. मांडी घालून बसा, कारण लग्नात पाटावर तास-दीड तास बसायचंय. उकिडवे बसा. लांब पावलं टाका, सप्तपदीला सात तर लागतातच. मोबाइल खिशात ठेवा, कारण खिसा दिलाय तर तुम्ही ठेवणारच, आणि बघा त्या वजनाने कंबर खाली येते का. शिवलेला कासोटा आखूड असेल तर बसल्यावर ताण तिथेच येतो. आणि शिवण मांडवातच उसवते, कधीही ट्रायल रूममध्ये नाही. शिवाय हे रेडिमेड धोतर रोज धोतर नेसणाऱ्या आजोबांना आहेर म्हणून देऊ नका. पोहायला येणाऱ्याला टायर-ट्यूब दिल्यासारखं ते होतं.

रेशमी धोतर घेणार असाल तर लेबल बघा. चकाकी म्हणजे रेशीम नव्हे, पाकिटावर ठळक 'सिल्क' आणि मागे बारीक अक्षरात 'आर्ट' असं असू शकतं. खऱ्या रेशमासाठी 2004 पासून सिल्क मार्क आहे, हातमागाच्या कापडासाठी 2006 पासून हॅण्डलूम मार्क. यंत्रमागावरचं धोतर कमअस्सल असतं असं मुळीच नाही. इचलकरंजीत 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे तिथल्या मागांनी महाराष्ट्राला कित्येक वर्षं धोतरं-लुगडी पुरवली. प्रश्न एवढाच, की हातमागाची किंमत मोजत असाल तर हातात हातमागाचंच कापड यायला हवं.

आणि कापड चांगलं असलं की किती टिकतं, याचा नमुना आमच्याच भागात आहे. संत दासोपंतांनी (1551–1615) 'पंचीकरण' हा विषय कागदावर नाही, तर कापडावर लिहिला. अंबाजोगाईची ती पासोडी सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद आहे. म्हणजे 5 वारी धोतराची अडीच पानं एकापुढे एक ठेवल्यावर होईल तेवढी. चारशे वर्षांनंतर ती अजून आहे. आपण आहेरात दिलेलं धोतर चार धुणी तरी टिकावं, ही अपेक्षा काही फार नाही!

एक फोन

हे सगळं वाचून 'एवढं कोण बघत बसणार' असं वाटत असेल, तर एक शॉर्टकट आहे. ज्याला द्यायचंय त्याला विचारा. 'धोतर देऊ का' असं विचारू नका, ते 'कशाला उगाच' म्हणणारच. 'तुमचं धोतर किती पन्ह्याचं?' असं विचारा. आबांसारखी माणसं स्वतःहून तोंड उघडणार नाहीत, पण माप विचारलं की खुलतात. कोणत्या बाजारातून घेतात, कोणता काठ टिकतो, कोणतं सूत उन्हात बरं, सगळं सांगतात. अर्धा तास फोन ठेवत नाहीत. कदाचित 'ये, नेसायला शिकवतो' असंही म्हणतील. जमलं तर जा. यूट्यूबवर व्हिडिओ ढिगाने आहेत, पण निरी सैल पडली म्हणून पाठीवर थाप मारून पुन्हा घालायला लावणारं तिथे कुणी नाही. आणि रोज धोतर नेसणारी माणसं प्रत्येक गावात आता मोजकीच उरलीत.

फोन शक्यच नसेल, तर सरळ मोठा पन्हा घ्या. जास्तीचं कापड खोचता येतं, नसलेलं कुठून आणणार? आणि दहा जणांना दहा फिरती धोतरं देण्यापेक्षा दोघांनाच नेसायची द्या. बाकीच्यांना टॉवेल द्या, तो निदान वापरला तरी जातो.

तर मंडळी, लग्नसराई आली की घरात यादी होईल आणि दुकानात जायचं काम तुमच्याच गळ्यात पडेल. त्या यादीत ज्या नावापुढे 'धोतर' लिहिलंय, त्याच्या शेजारी पेनाने आणखी एक आकडा लिहा. इंचात.